नवे लाकडी फ्लोअरिंग, जुने स्कर्टिंग: कडेच्या जोडाची समीक्षा

१. टिपणाचा विषय आणि हेतू

स्थापत्य, वास्तुकला आणि अंतर्गत सजावट या अभ्यासक्रमांत 'फ्लोअरिंग' आणि 'स्कर्टिंग' हे दोन घटक बहुधा एकाच प्रकरणात शिकवले जातात. साहित्याचे प्रकार, जाडी, घालण्याची पद्धत, गुणदोष आणि एक काटछेद आकृती, एवढ्यावर विषय संपतो. या आकृतीत सगळे काम एकाच वेळी झालेले असते: आधी जमीन, मग तिच्यावर टेकलेले स्कर्टिंग, वर गिलावा. नव्या इमारतीत हा क्रम बरोबर आहे. पण पदवी घेतल्यावर तुमच्यापैकी अनेकांच्या वाट्याला जे काम येईल ते राहत्या घरातले, चालू ऑफिसातले, जुन्या बंगल्यातले असेल. तिथे स्कर्टिंग आधीच भिंतीला आहे आणि जमीन नंतर येते. क्रम उलटा होतो आणि पुस्तकातली आकृती निरुपयोगी ठरते.

या टिपणात आपण या उलट्या क्रमातल्या एका जोडाची, म्हणजे नव्या लाकडी जमिनीची कड आणि जुने स्कर्टिंग यांच्यामधल्या फटीची, समीक्षा करणार आहोत. समीक्षा म्हणजे 'काम कसे करावे' याची कृती नव्हे. प्रचलित पद्धती घ्यायच्या, त्या कोणते काम करण्याचा दावा करतात ते पाहायचे आणि तो दावा कितपत खरा ठरतो ते तपासायचे, असा आपला मार्ग असेल. एखादी इमारत चांगली की वाईट हे जसे कारणे देऊन सांगता येते, तसेच १० मिलिमीटरच्या फटीबद्दलही सांगता येते.

माझे मत सुरुवातीलाच मांडतो. आपल्याकडे आज सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत, म्हणजे अरुंद बीडिंग पट्टी सिलिकॉनने जमीन आणि स्कर्टिंग या दोघांनाही चिकटवणे, ही दिसायला नीटनेटकी पण तत्त्वतः चुकीची आहे. तिचा दोष सुताराच्या हातात कमी आणि आपल्या आकृत्यांत, अंदाजपत्रकांत व दुकानातल्या पट्टीच्या मापात जास्त आहे.

२. फट कशासाठी ठेवतात

लाकूड हवेतला बाष्पांश घेते आणि सोडते. तंतूंच्या दिशेने त्याची लांबी जवळजवळ बदलत नाही, पण तंतूंना आडव्या दिशेने ते फुगते आणि आक्रसते. सागवान या बाबतीत शांत लाकूड समजले जाते. तरीही स्पर्शरेषेच्या दिशेने त्याचा बदल बाष्पांशाच्या दर एक टक्क्याला सुमारे ०.१९ टक्के असतो. ओकचा बदल याच्या जवळपास दुप्पट.

उदाहरण १. सागवानाची १०० मिमी रुंद फळी. कोरड्या दिवसांत बाष्पांश ८ टक्के, पावसाळ्यात १४ टक्के.
रुंदीतील वाढ = १०० × ०.००१९ × ६ = सुमारे १.१ मिमी.
अशा ४० फळ्यांची, म्हणजे ४ मीटर रुंदीची जमीन असेल, तर एकूण मुक्त वाढ सुमारे ४५ मिमी.

हा आकडा पाहून घाबरून जाऊ नये. जुन्या पद्धतीच्या जमिनीत प्रत्येक फळी खालच्या लाकडी बत्त्यांना खिळ्याने बांधलेली असते. ती आपापल्या जागी फुगते, शेजारच्या सांध्यातली बारीक फट भरते आणि आक्रसली की पुन्हा उघडते. हालचाल सगळ्या जमिनीत विखुरली जाते. कडेला येतो तो फक्त शेवटच्या फळीचा वाटा.

आजची लॅमिनेट किंवा इंजिनिअर्ड लाकडी जमीन वेगळी वागते. तिच्या पाट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात आणि खाली कशालाच बांधलेल्या नसतात. मधे फक्त फोमचा थर असतो. हिला तरंगती जमीन म्हणतात. एचडीएफ किंवा प्लायचा गाभा असल्याने तिचा बदल अखंड लाकडापेक्षा खूप कमी असतो. गणितासाठी आपण दर मीटरला १ मिमी धरू. पण ही सगळी जमीन एकच मोठा तक्ता होऊन हलते. मधल्या सांध्यांत काही विखुरले जात नाही. सगळी हालचाल कडेला जमा होते. म्हणून उत्पादक चारही बाजूंनी साधारण ८ ते १२ मिमी फट सोडायला सांगतात. खोली ४.८ मीटर लांब असेल तर एकूण सुमारे ५ मिमी बदल होईल, प्रत्येक बाजूला अडीच. एका बाजूला जड कपाट जमिनीवरच बसवले असेल, तर ती बाजू जखडली जाते आणि पाचही मिलिमीटर समोरच्या बाजूला जातात.

आता ही हालचाल अडवली तर काय होते ते पाहा.

उदाहरण २. दोन्ही टोके जखडलेली आहेत आणि जमिनीची लांबी २ मिमीने वाढू पाहते आहे. जमीन १ मीटर लांबीच्या पट्ट्यात कमानीसारखी उचलली गेली असे धरा. चपट्या कमानीसाठी,
उंची = √(३ × लांबी × वाढ ÷ ८) = √(३ × १००० × २ ÷ ८) = √७५० = सुमारे २७ मिमी.

दोन मिलिमीटरचे सत्तावीस मिलिमीटर झाले. प्रत्यक्षात काही वाढ दाबाखाली शोषली जाते आणि जमिनीचे वजनही तिला खाली धरते, त्यामुळे फुगवटा यापेक्षा कमी येतो. पण भूमितीचा कल लक्षात ठेवा. कडेला अडवलेली छोटी हालचाल खोलीच्या मध्यभागी मोठी होऊन दिसते. म्हणूनच तक्रार येते ती 'मधली जमीन फुगली' अशी आणि कारण असते भिंतीच्या कडेला.

३. दमटपणा नव्हे, चढउतार

'आमच्याकडे हवा दमट, लाकूड टिकत नाही' असे किनारपट्टीवर सर्रास ऐकू येते. कडेच्या जोडाच्या दृष्टीने हे अर्धसत्य आहे. लाकडाला त्रास दमटपणाचा होतो त्याहून जास्त त्यातल्या चढउताराचा होतो. सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असताना लाकडाचा समतोल बाष्पांश ६ टक्क्यांच्या आसपास राहतो आणि ८० टक्के असताना १५ ते १६ टक्क्यांवर जातो. कोचीची हवा वर्षभर दमट, म्हणून तिथल्या लाकडाची वर्षभरातली चाल तुलनेने कमी. दिल्लीत मे महिन्याच्या दुपारी हवा अत्यंत कोरडी असते आणि ऑगस्टमध्ये पावसाळी. तिथे तीच जमीन जास्त हलते. वातानुकूलित खोलीत हे चित्र आणखी बदलते, कारण यंत्र हवेतले पाणी काढून घेते.

इमारती लाकडाच्या बाष्पांशासाठी असलेले आयएस २८७ हे मानक देशाचे आर्द्रतेनुसार चार विभाग पाडते ते याच कारणाने. एकच आकडा सगळ्या देशाला लागू होत नाही. पण दुकानात मिळणारी बीडिंग पट्टी मात्र जोधपूरपासून शिलाँगपर्यंत एकाच मापाची.

काम कोणत्या ऋतूत झाले हेही महत्त्वाचे. दिल्लीत मेमध्ये घातलेली जमीन पुढे फुगणार आहे. तिथे फट पूर्ण सोडणे निर्णायक. ऑगस्टमध्ये घातलेली जमीन पुढे आक्रसणार आहे. तिथे फटीवरचे झाकण पुरेसे रुंद असणे निर्णायक. एकच तपशील दोन ऋतूंत दोन वेगळ्या दिशांनी फसू शकतो.

४. मूल्यमापनाच्या कसोट्या

कडेच्या कोणत्याही तपशिलाला पुढील पाच प्रश्न विचारावेत.

(क) हालचाल: जमीन दोन्ही दिशांना मोकळी राहते का?
(ख) झाकण: जमीन पूर्ण आक्रसली तरी फट झाकलेली राहते का?
(ग) पाणी: लादी पुसतानाचे पाणी कापलेल्या कडेपर्यंत पोहोचते का?
(घ) उघडता येणे: वाळवी, ओल किंवा बदललेली पाटी तपासण्यासाठी जोड न मोडता उघडता येतो का?
(च) दिसणे: खोलीच्या रेषा स्वच्छ राहतात का?

यांतली तिसरी कसोटी आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे. तरंगत्या जमिनीचे तपशील ज्या देशांत घडले तिथे जमीन प्रामुख्याने झाडली किंवा व्हॅक्यूमने साफ केली जाते. आपल्याकडे बहुतेक घरांत ओल्या फडक्याने रोज लादी पुसतात आणि फडके नेमके भिंतीच्या कडेला जाऊन वळते. पाटीच्या वरच्या पृष्ठभागाला पाण्याचे फारसे भय नसते. पण कडेला ती करवतीने कापलेली असते आणि तिथे गाभा उघडा असतो. म्हणजे आपल्याला एकाच वेळी मोकळी फट हवी आणि पाण्याला अटकावही हवा. या दोन मागण्या परस्परविरोधी वाटतात. सुताराने सिलिकॉनची नळी उचलण्यामागे हाच विरोध आहे, आळस नव्हे. त्याचे उत्तर मात्र चुकीच्या ठिकाणी दिले जाते.

५. प्रचलित पद्धतींची समीक्षा

५.१ स्कर्टिंग काढून पुन्हा बसवणे

ही सर्वांत स्वच्छ पद्धत समजली जाते आणि लाकडी स्कर्टिंगच्या बाबतीत ती खरोखर तशी आहे. जुन्या बंगल्यांत स्कर्टिंगच्या फळ्या भिंतीत बसवलेल्या लाकडी गुटक्यांना खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. पहारीने हळूहळू उचकटून त्या निघतात. जमीन घालून झाल्यावर फळी परत बसवली की तिची जाडी फट झाकते. पाचही कसोट्यांवर ही पद्धत उतरते. एकच पथ्य आहे: फळी खाली दाबून ठोकायची नाही. तिच्या आणि जमिनीच्या मध्ये जाड कागद सरकेल एवढी जागा हवी, नाहीतर फळीच जमिनीला चिमटीत धरते.

पण आपल्या बहुसंख्य फ्लॅटांत स्कर्टिंग असते ते व्हिट्रिफाइड फरशीचे, ७५ ते १०० मिमी उंच, सिमेंटमध्ये बसवलेले. ते काढताना फरशी फुटते, गिलावा निघतो, खालच्या सॉकेटकडे जाणारी वीजनळी दुखावण्याचा धोका असतो आणि सगळ्या खोलीला पुन्हा रंग द्यावा लागतो. परदेशी पुस्तिकांतला 'आधी स्कर्टिंग काढा' हा सल्ला इथे जसाच्या तसा उचलणे म्हणजे दुसऱ्याच भिंतीसाठी दिलेला सल्ला वापरणे होय.

५.२ स्कर्टिंग खालून कापून जमीन आत सरकवणे

लाकडी स्कर्टिंगला खालून पाटी आणि फोमच्या एकत्रित जाडीएवढा छेद द्यायचा आणि पाटी त्याच्या खाली सरकवायची. जादा पट्टी लागत नाही आणि जोड दिसतच नाही. दाराच्या लाकडी चौकटीजवळ ही पद्धत सर्वोत्तम आहे. चौकटीच्या नक्षीभोवती पाटी कोरत बसण्यापेक्षा चौकटीचा तळ कापणे केव्हाही सोपे आणि नीट.

तिची मर्यादा गणितातून दिसते. स्कर्टिंगची फळी १२ मिमी जाड असेल आणि गिलाव्यापासून फट १० मिमी सोडली, तर जमिनीवर झाकण उरते २ मिमी. जमीन त्या बाजूने अडीच मिमी आक्रसली की अर्ध्या मिलिमीटरची काळी रेघ दिसू लागते. म्हणून ही पद्धत १८ मिमी किंवा त्याहून जाड फळीसाठीच योग्य. फरशीचे स्कर्टिंग असे आडवे कापू नये. कडा तुटतात आणि सिलिकायुक्त धूळ कारागिराच्या फुप्फुसात जाते. दिसण्यासाठी एवढी किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न समीक्षेत विचारलाच पाहिजे.

५.३ बीडिंग पट्टी

आता मुख्य प्रकार. जुने स्कर्टिंग तसेच ठेवून त्याच्या पायथ्याशी पाव गोलाईची किंवा अंतर्गोल पट्टी बसवायची. गच्चीच्या भिंतीलगत गवंडी 'वाटा' काढतो, त्याची आठवण करून देणारा हा आकार. पद्धत स्वस्त आहे, भिंत मोडावी लागत नाही. तत्त्वतः यात काहीच गैर नाही. नियम एकच: पट्टी स्कर्टिंगला बांधायची, जमिनीला नाही. जमीन तिच्या खालून सरकत राहिली पाहिजे.

प्रत्यक्षात काय होते? स्कर्टिंग लाकडी असते तर पट्टी त्यात बारीक चुकांनी ठोकता आली असती. पण फरशीत चुका जात नाही. मग पट्टी एक तर जमिनीत ठोकली जाते किंवा तिच्या मागे आणि खाली अशा दोन्ही बाजूंना सिलिकॉन लावून दाबली जाते. पहिल्या प्रकारात पट्टी जमिनीबरोबर सरकते आणि स्कर्टिंगपासून सुटते. दुसऱ्या प्रकारात जमीन, पट्टी आणि स्कर्टिंग यांची एकच गाठ बसते. पावसाळ्यात जमीन फुगायला जागा शोधते. उन्हाळ्यात ती आक्रसते तेव्हा कड चिकटलेली असल्याने मधले सांधे उघडतात. ज्या फटीसाठी एवढा खटाटोप केला ती फट पट्टीखाली अस्तित्वात असते, पण तिचा उपयोग शून्य.

दुसरा दोष रुंदीचा. आवश्यक रुंदी अशी काढता येते:

पट्टीची रुंदी = सोडलेली फट + भिंतीचा वाकडेपणा + आक्रसण + किमान झाकण
= १० + ३ + २.५ + ३ = १८.५ मिमी, म्हणजे १९ किंवा २० मिमी.

दुकानात सहज मिळणारी स्वस्त पट्टी १२ मिमीची. भिंत जिथे ३ मिमी आत गेली आहे तिथे फट १३ मिमी होते आणि ही पट्टी पहिल्याच दिवशी अपुरी पडते. मग कारागीर काय करतो? तो फट ५ मिमीवर आणतो. फटीच्या मापाने पट्टी ठरायला हवी होती, इथे पट्टीच्या मापाने फट ठरली. या पद्धतीवरचा माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे. एका दुय्यम, सजावटीच्या वस्तूने मूळ अभियांत्रिकी निर्णय उलटवला आणि तो कुठल्याही नकाशावर नोंदला गेला नाही.

तिसरा मुद्दा प्रमाणाचा. १०० मिमी उंच स्कर्टिंगपुढे १० मिमी जाडीची जमीन आली की ९० मिमी उरते आणि १८ मिमीची पट्टी लावली की ७२. हे चालते. पण ७५ मिमीच्या स्कर्टिंगचे उरतात ४७ मिमी. तिथे पट्टी आणि स्कर्टिंग एकमेकांशी भांडू लागतात आणि भिंतीचा पाया आखूड दिसतो. अशा वेळी कमी उंचीची चपटी पट्टी घ्यावी किंवा पुढची पद्धत विचारात घ्यावी.

रंगाचा वादही इथलाच. पट्टी जमिनीच्या रंगाची घ्यावी की स्कर्टिंगच्या? आपल्याकडे जमिनीच्या रंगाची घेण्याची प्रथा आहे, कारण ती पाट्यांच्या खोक्यांबरोबरच विकली जाते. या बाजूने एक युक्तिवाद आहे: जमीन थोडी मोठी भासते. पण पट्टी स्कर्टिंगला बांधलेली असेल तर ती स्कर्टिंगचा भाग आहे. ती त्याच रंगाची असली की डोळ्याला एकच रेषा दिसते आणि भिंतीचा वाकडेपणा लपतो. जमिनीच्या रंगाची पट्टी जमिनीच्या कडेला उंचवटा काढते आणि भिंत जिथे वाकली आहे तिथे ती वाकलेली रेषा ठळक करते. माझा कौल स्कर्टिंगच्या रंगाला आहे.

कोपऱ्यांबद्दल थोडे. पट्टी ४५ अंशांत कापून जोडतात, पण खोलीचे कोपरे नेमके ९० अंशांचे क्वचितच असतात. कोपरा ८८ अंशांचा असेल तर १८ मिमीच्या पट्टीचा सांधा एका टोकाला जवळपास ०.९ मिमी उघडा राहतो. आपल्या फ्लॅटांत खांब खोलीत डोकावतात, त्यामुळे बाहेरचे कोपरे जास्त. कोपरा आधी मोजावा आणि त्याच्या निम्म्या कोनात कापावे. आतल्या कोपऱ्यात एका पट्टीचे टोक दुसरीच्या गोलाईप्रमाणे कोरून बसवले तर कोन थोडा चुकला तरी सांधा उघडत नाही.

५.४ जुन्यावर नवे स्कर्टिंग

फरशीच्या स्कर्टिंगपुढे एमडीएफचे किंवा पीव्हीसीचे नवे, उंच स्कर्टिंग बसवायचे. झाकण भरपूर मिळते आणि जुना रंग दिसेनासा होतो. पण जुने स्कर्टिंग भिंतीच्या १० मिमी पुढे असेल आणि नवे १५ मिमी जाड असेल तर एकूण २५ मिमीचा कठडा तयार होतो. त्यावर धूळ बसते आणि कपाट भिंतीपासून दूर राहते. दाराच्या चौकटीपाशी हे स्कर्टिंग चौकटीच्या पुढे येते व त्याचे कापलेले टोक उघडे पडते. मागून खाच असलेले, जुन्यावर टोपीसारखे बसणारे स्कर्टिंग यापेक्षा बरे. साधे एमडीएफ रोजच्या ओल्या फडक्याने खालून फुगते, म्हणून आपल्याकडे पीव्हीसीचा पर्याय कितीही 'नकली' म्हणून हिणवला गेला तरी कसोटी (ग) वर तो सरस ठरतो. क्लिपवर बसणारे असेल तर कसोटी (घ) वरही.

५.५ फक्त सीलंट किंवा कॉर्क

पट्टीच नको, फट सरळ सीलंटने भरू, असाही एक मतप्रवाह आहे. आधुनिक घरांत ती बारीक रेघ देखणी दिसते. पण सीलंटला मर्यादा आहेत. चांगल्या दर्जाचे सिलिकॉन जोडाच्या रुंदीच्या २५ टक्क्यांपर्यंत हालचाल सहन करते. १० मिमी फटीत म्हणजे अडीच मिमी. आपल्या ४.८ मीटरच्या खोलीत नेमके एवढेच लागते, म्हणजे हाताशी काहीच उरत नाही. तेही खाली फोमची दोरी घालून सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटवले तर. तळालाही चिकटले की ते फाटते. ॲक्रिलिक सीलंट याहून कमी ताणले जाते. मोठ्या खोलीत, जखडलेल्या बाजूसमोर, ही पद्धत टिकत नाही.

कॉर्कची पट्टी जिथे बीडिंग बसूच शकत नाही अशा ठिकाणी उपयोगी आहे: बाल्कनीच्या सरकत्या दाराची पट्टी, दगडी उंबरठा, गोल खांब. कॉर्क दाबला तरी बाजूला फारसा फुगत नाही, म्हणून तो वर उचलला जात नाही. दारांत टी आकाराची धातूची पट्टी लावतात. तिचा पाया खालच्या फरशीला स्क्रूने बांधावा, जमिनीच्या पाटीला कधीही नाही. नियम तोच आहे, फक्त जागा बदलली.

६. दोष कुठे आहे

चिकटवलेल्या पट्टीचे खापर नेहमी सुताराच्या माथी फुटते. पण त्याला काय दिले होते ते पाहा. नकाशात कडेचा तपशील नव्हता. दर होता चौरस फुटाचा.

उदाहरण ३. ३.० × ३.६ मीटरची खोली: क्षेत्रफळ १०.८ चौ.मी., परिमिती १३.२ मी. दर चौरस मीटरमागे कड १.२२ मीटर.
६.० × ७.२ मीटरचा हॉल: क्षेत्रफळ ४३.२ चौ.मी., परिमिती २६.४ मी. दर चौरस मीटरमागे कड ०.६१ मीटर.

म्हणजे लहान खोलीत कडेचे काम दुप्पट आणि मोबदला चौरस फुटाला तेवढाच. मधली पाटी खटकन बसते. वेळ जातो तो कडेला मापून कापण्यात, कोपऱ्यात, चौकटीपाशी. ज्या कामात सर्वांत जास्त कौशल्य लागते त्याला वेगळा दर नाही. मोजमापाच्या आयएस १२०० मालिकेत फरशी आणि स्कर्टिंग यांच्यासाठी स्वतंत्र भाग आहे, स्कर्टिंगचा विचार करण्याची परंपरा आपल्याकडे आहेच. पण घरगुती फेरकामाच्या कोटेशनांत कड 'सर्व काही धरून' या शब्दांत गडप होते. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुटुंबाला म्हणूनच मोठ्या हॉलच्या मालकापेक्षा वाईट कड मिळण्याची शक्यता जास्त. घाईने केलेली कड कारागिराचा स्वभाव दाखवत नाही, दराची रचना दाखवते.

यात आपल्या शिकवण्याचाही वाटा आहे. परीक्षेत 'तरंगत्या लाकडी जमिनीचा काटछेद काढा' असा प्रश्न येतो आणि विद्यार्थी भिंत, स्कर्टिंग, पाटी, फोम अशी नावे देऊन पूर्ण गुण मिळवतो. फट किती, झाकण किती, पट्टी कशाला बांधली, हे विचारले जात नाही. जी मापे विचारली जात नाहीत ती कोणी लिहीत नाही आणि जी लिहिली जात नाहीत ती साइटवर दुकानातली पट्टी ठरवते.

७. निष्कर्ष

फरशीचे स्कर्टिंग असलेल्या सर्वसाधारण भारतीय फ्लॅटसाठी पाचही कसोट्या धरून माझा क्रम असा आहे. स्कर्टिंग १०० मिमी असेल तर १९ किंवा २० मिमी रुंदीची, स्कर्टिंगच्या रंगाची पट्टी, फक्त स्कर्टिंगला चिकटवलेली. ७५ मिमी असेल तर जुन्यावर टोपीसारखे बसणारे क्लिपचे स्कर्टिंग. लाकडी स्कर्टिंग असेल तर ते काढून पुन्हा बसवणे.

पाण्याचा प्रश्न फट बंद करून नव्हे, तर कड बंद करून सोडवावा. पाटी कापल्यावर, बसवण्यापूर्वी, तिच्या उघड्या गाभ्याला मेणाचा किंवा सीलरचा हात द्यावा. हे काम प्रत्येक पाटीमागे काही सेकंदांचे आहे. फट मोकळी राहते आणि पाणी आत गेले तरी गाभा फुगायला वेळ लागतो. सोबत घरच्यांना पिळून घेतलेल्या फडक्याने पुसायला सांगावे. वर ज्या मागण्या परस्परविरोधी वाटल्या होत्या, त्या एकाच जागी सोडवायचा आग्रह धरला म्हणून तशा वाटत होत्या.

आणि हे सगळे कागदावर लिहावे: फट, पट्टीची रुंदी, ती कशाला बांधायची, आणि कडेच्या कामाचा रनिंग मीटरचा वेगळा दर. ही चार वाक्ये नकाशावर असतील तर सुताराला अंदाज बांधावा लागणार नाही आणि काम चुकले तर चूक कोणाची हे सांगता येईल.

विचारासाठी प्रश्न

१. ६ मीटर लांबीच्या खोलीत एका टोकाला जमिनीवरच जड कपाट आहे. दर मीटरला १ मिमी बदल धरून समोरच्या टोकाला आवश्यक फट आणि पट्टीची रुंदी काढा.
२. तुमच्या गावातली मे आणि ऑगस्टमधली आर्द्रता शोधा. तुमच्याकडे लाकडी जमीन कोणत्या महिन्यात घालणे जास्त सुरक्षित आहे? कारण द्या.
३. तुमच्या वसतिगृहातली किंवा घरातली एक खोली मोजा. दर चौरस मीटरमागे कडेची लांबी काढा आणि कडेसाठी स्वतंत्र दर असलेले छोटे कोटेशन तयार करा.
४. पट्टीच्या रंगाबद्दल या टिपणात दिलेला कौल तुम्हाला पटतो का? गडद फरशीचे स्कर्टिंग आणि फिकट जमीन असताना दोन्ही पर्यायांची रेखाटने करून आपले मत मांडा.
५. तुमच्या पाठ्यपुस्तकातला लाकडी जमिनीचा काटछेद घ्या आणि जुने स्कर्टिंग जागेवर आहे असे धरून तो मापांसह पुन्हा काढा.